उरलेले ४५ मिलिमीटर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी दोन-तीन जणांनी विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. गेले वर्षभर एका वेगळ्याच अभ्यासात होतो आणि तो इथं लिहावा की नाही हे ठरत नव्हतं. विषय आहे सायकलच्या स्प्रिंगा. आता ७६ वर्षांच्या, बी. ए. झालेल्या आणि जन्मभर मराठी-भूगोल शिकवलेल्या माणसाला सायकलच्या स्प्रिंगांचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. खुशाल हसा. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

सुरुवात वाईट झाली. नोव्हेंबर २०२४ मधला रविवार. नात पुण्याहून शनिवारी रात्री आली होती आणि सकाळी दोन मैत्रिणींबरोबर सायकल घेऊन यवतेश्वरच्या डोंगराकडे गेली होती. साडेदहाला मैत्रिणीचा फोन. "आबा, घाबरू नका, पण..." फोनवर 'घाबरू नका' हे दोन शब्द ऐकले की माणूस आधी घाबरतो आणि मग पुढचं ऐकतो. उतारावर पुढचं चाक निसटलं होतं आणि ती डाव्या खांद्यावर पडली होती. हसळीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत.

लेक त्याच दिवशी येऊन तिला पुण्याला घेऊन गेली. सायकल माझ्या ओसरीवर राहिली. जाताना लेक दारात थांबून म्हणाली, "बाबा, ही परत तिच्या हातात द्यायची नाही. गिऱ्हाईक बघा आणि विकून टाका." मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं."

नातीनं गाडीतून माझ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

जानेवारीत हात बरा झाल्यावर ती आली. मला वाटलं, पोर आता शहाणी झाली असेल. जेवण झाल्यावर म्हणाली, "आबा, चूक सायकलची आहे, म्हणजे सायकलीत एक कमी आहे. तिचं ट्रॅव्हल कमी पडतंय." मला वाटलं, प्रवास कमी पडतोय. म्हटलं, "अगं, पुणे-सातारा काय कमी आहे?" ती हसली नाही. मग तिनं समजावलं, की ट्रॅव्हल म्हणजे चाक सांगाड्याच्या मानानं जास्तीत जास्त किती वर-खाली होऊ शकतं ते अंतर. तिच्या सायकलचं पुढचं १३० मिलिमीटर, मागचं १२५. ही झाली मधली जात. शर्यतीच्या, चढावर पळणाऱ्या सायकलींना १०० ते १२० असतं, आणि निव्वळ कड्याकपारीतून खाली उतरणाऱ्यांना २०० च्या आसपास. पुण्यातल्या एका दुकानात तिला सांगितलं होतं, की पुढचा फोर्क काढून १६० चा टाक म्हणजे असल्या वाटेवर काही होणार नाही. खर्च ८५ हजार. निम्मे तिच्याकडे होते. निम्मे ती माझ्याकडे उसने मागत होती.

मी जे बोललो ते लिहायला आज लाज वाटते. म्हणालो, "पडलीस ती कमी पडलीस का, की आता आणखी उंचावरून पडायचंय? मी तर ती विकायला काढलीय." तिनं ताट उचललं, घासून ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर पाच आठवडे तिचा फोन नाही. एरवी दर रविवारी यायचा.

फेब्रुवारीत एकदाची सायकल घेऊन मी आमच्या सायकलवाल्याकडे निघालो. त्याच्या वडिलांपासून आमचं खातं तिथं. माझी चोवीस इंची काळी सायकल दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे ओव्हरहॉलिंगला पडायची. ३४ वर्षं मी तिच्यावरून शाळेत गेलो. २०२० मध्ये गल्लीच्या कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं आणि मी पडलो. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं. पण पोरांनी ठरवलं, की आता बास. मी गावाला गेलो होतो तेवढ्यात सायकल भंगारात गेली. 'तुमच्या भल्यासाठीच' असं सगळे म्हणाले आणि ते खोटंही नव्हतं. मी कुणाला काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय? पण त्या दिवशी, जवळपास पाच वर्षांनी, दोन्ही हातांनी हँडल धरून सायकल ढकलत चाललो होतो, आणि एकदम लक्षात आलं, की गाडीच्या खिडकीतून नातीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं ती नजर माझ्या ओळखीची आहे. आपण कुणाची तरी सायकल त्याच्या भल्यासाठी विकायला निघालोय...

दुकानाशी पोचलो. सायकलवाल्यानं किंमत सांगायच्या आधी सवयीनं हँडलवर दोन्ही तळहात ठेवून सगळ्या अंगाचा भार टाकला. परत टाकला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "सर, ह्यो चिमटा कुणासाठी भरलाय?" जुन्या लोकांना फोर्क शब्द ठाऊक नाही. पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरतो तो चिमटा. मी म्हटलं, "नातीची आहे." "वजन किती पोरीचं?" "असेल पन्नास-बावन्न." तो म्हणाला, "मी ऐंशीचा हाय, तरी मला दबंना झालाय. जाड्या माणसाची चप्पल बारक्या पोरीला घालून पळायला लावल्यावर पडंल न्हाई तर काय हुईल?"

मग आठवलं. सायकल तिनं जुनी घेतली होती, एका धिप्पाड गृहस्थाकडून. त्यानं त्याच्या वजनाला हवा भरलेली, ती तशीच राहिली होती.

इथं थोडं शिकवू द्या, सवय जात नाही.

या सायकलीच्या चिमट्यात लोखंडी स्प्रिंग नसते. असते ती हवा. सायकलच्या साध्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून दांडा आत ढकलून बघा. सुरुवातीला सहज जातो, मग जड होतो आणि शेवटी हातच थांबतो. हीच हवेची स्प्रिंग. हवा कमी-जास्त केली की स्प्रिंग मऊ-कडक होते, म्हणून तीच सायकल पन्नास किलोच्या मुलीला चालते आणि नव्वद किलोच्या पैलवानालाही. फक्त हवा ज्याची त्यानं भरायची असते.

पण नुसती स्प्रिंग असून भागत नाही. दाबली तितक्याच जोरात ती परत उसळणार. टांग्याला आणि जुन्या एस.टी.ला पाटे होते, मागच्या बाकावर बसलेल्यांना ते उसळणं ठाऊक आहे! ती उसळी आवरायला तेल लागतं. बँकेच्या काचेच्या दाराला वर एक लोखंडी हात असतो बघा. दार लोटलं की आतली स्प्रिंग ते बंद करते, पण दार आपटत नाही, सावकाश मिटतं. कारण आतलं तेल बारीक भोकातून जाताना वेळ घेतं. स्क्रू फिरवला की दार हळू किंवा भरभर मिटतं. सायकलच्या चिमट्यात एका नळीत हवा आणि दुसऱ्या नळीत हे तेल. खाली एक लाल बटण असतं, ते म्हणजे तो स्क्रू.

तर दुकानातून सायकल घेऊन मी परत आलो. किंमत विचारलीच नाही. ओसरीवर भिंतीला टेकवून चष्मा लावून बसलो. चिमट्याच्या चकचकीत नळीवर रबराची एक बारीक कडी असते. चिमटा दबला की खालचा भाग त्या कडीला वर ढकलतो आणि परत खाली येतो. कडी मात्र वरच राहते. म्हणजे चिमटा जास्तीत जास्त किती दबला याची ती साक्षीदार. नात पडली त्या दिवसापासून त्या सायकलीवर कुणी बसलं नव्हतं. कडी जिथल्या तिथं होती, वर धूळसुद्धा साचलेली. शाळेतली जुनी फूटपट्टी काढली आणि मोजलं. ८५ मिलिमीटर.

पुन्हा मोजलं. ८५ च.

म्हणजे यवतेश्वरच्या त्या सगळ्या उतारावर, जिथं ती पडली तिथंसुद्धा, तिच्या १३० पैकी ४५ मिलिमीटर वापरातच आले नव्हते. १६० चा चिमटा घेऊन तिला ३० जास्तीचे मिळणार होते, आणि त्यासाठी ८५ हजार! इथं ४५ फुकट पडून होते.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर मी नमनाला तेल न घालता म्हणालो, "ती रबराची कडी ८५ वर आहे. तुझं १३० ना?" पलीकडे शांतता. मग म्हणाली, "आबा, तुम्ही मोजलंत?" "दोनदा." पुन्हा शांतता. मग म्हणाली, "मी शनिवारी येते."

शनिवारी तिनं एक छोटा पंप आणला, त्याला घड्याळासारखी तबकडी. साधा पंप इथं चालत नाही, कारण हवा थोडी आणि दाब भारी. पुढच्या चिमट्यात ८८ पीएसआय दाब निघाला आणि मागच्या शॉकमध्ये १८५. तिनं डोंगरावर जाताना घालते ते सगळं अंगावर चढवलं. हेल्मेट, गुडघ्याची कवचं, पाठीवर पाण्याची पिशवी. मी सायकल धरून उभा राहिलो, ती अलगद बसली, पॅडलवर उभी राहिली, अलगद उतरली. नुसत्या वजनानं चिमटा किती खाली बसतो, ते मोजायचं. याला ते सॅग म्हणतात. पुढे एकूण ट्रॅव्हलच्या साधारण वीस टक्के हवं, म्हणजे २६ मिलिमीटर. भरलं १४. मागच्या शॉकचा दांडा ५० मिलिमीटर आत जातो आणि तेवढ्यात चाक १२५ वर येतं, म्हणजे एकास अडीच असा तरफेचा हिशोब. तिथं तीस टक्के, १५ मिलिमीटर हवं होतं. भरलं ९.

हे खाली बसणं कशासाठी, हे मला आधी कळेना. मऊ वाटावं म्हणून? नाही. चाक दगडावर चढताना वर जातं तसं खड्ड्यात खालीही जायला हवं. सायकल थोडी बसलेली असेल तरच चाकाला खाली जायला जागा राहते आणि टायर जमिनीला धरून राहतो. ताठ सायकलीचं चाक दगडावरून उडतं. आणि हवेतल्या चाकाला वळता येत नाही, थांबताही येत नाही. ती का पडली, त्याचं निदान उघड होतं.

दोन तास आम्ही हवा सोडत, भरत, मोजत बसलो. ती बसायची, मी पट्टी लावायचो आणि आकडा पाठीमागच्या फळ्यावर लिहायचो (ओसरीवर फळा आहे, हसू नका). शेवटी पुढे ६० आणि मागे १२०. हाताला जमीन-अस्मानाचा फरक.

मार्चमध्ये ती पहिल्यांदा सोप्या वाटेवर गेली आणि तोंड पाडून आली. म्हणाली, पहिला दगड छान, दुसरा बरा, पण चौथ्या-पाचव्याला सायकल नाकावर बसल्यासारखी वाटते. आम्ही विचारात पडलो. मग फळ्याकडे बघताना तिच्याच लक्षात आलं. हवा आपण कमी केली, म्हणजे परत उसळणारा जोर कमी झाला, पण तेलाचं बटण मात्र त्या धिप्पाड गृहस्थाच्याच हिशोबानं घट्ट होतं. दाबलेला चिमटा सावरायच्या आत पुढचा दगड येत होता आणि तो दर दगडाला आणखी आणखी खचत होता. बँकेचं दार पुरतं मिटायच्या आत पुढचं गिऱ्हाईक आत आलं, असं समजा. बटण पाच टिचक्या सैल केलं. प्रश्न मिटला.

मग डोंगरवाट. ती कशी आहे हे मात्र मी तिला शिकवलं! आपला सगळा दख्खन लाव्ह्याच्या थरांचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. याला भूगोलात दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा मूळचा स्वीडिश शब्द, 'ट्राप्पा' म्हणजे जिना. लाव्ह्याचा एकेक थर कठीण, त्याच्यावरचा सच्छिद्र भाग ठिसूळ. ठिसूळ झिजून सपाटी होते, कठीण तो कडा होऊन उभा राहतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. जवळ गेल्यावर गुराख्यांच्या वाटेलाही तसंच, कुठं वीतभर, कुठं हातभर उंचीची पायरी आणि मधे सुटा मुरूम. सायकलच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट जोड. पायरीला दणका आणि मुरमावर घसरण. तिला म्हटलं, तू रस्त्यावरून नाही, जिन्यावरून उतरतेस, आणि त्या जिन्यावर कुणीतरी हरभरे सांडलेत. तिनं हा दाखला मैत्रिणींना सांगितला म्हणे. (कासच्या फुलांच्या पठारावर मात्र सायकल घालायची नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलंय. ते बोलून दाखवावं लागलं नाही.)

त्या पायऱ्यांवर दुसरा दोष उघडा पडला. मऊ केलेला चिमटा मोठ्या पायरीला पार तळाला टेकून 'खट्' व्हायचा. त्यावर उपाय पुन्हा हवा वाढवणं नव्हे, नाहीतर पहिल्यासारखंच ताठ. हवेच्या नळीत प्लॅस्टिकची एक लहानशी गुंडी बसवतात. तिनं हवेची जागा कमी होते, त्यामुळे सुरुवातीला चिमटा तसाच मऊ राहतो, शेवटाला मात्र चटकन जड होतो. पंपाच्या तोंडावरचं बोट आठवा. एक गुंडी टाकली, खट् बंद.

चिमटा उघडलाच होता, तर आतलं पाहिलं. पुस्तिकेत लिहिलंय, की दर ५० तासांच्या वापरानंतर खालच्या नळ्यांतलं तेल बदलावं. जुन्या मालकानं बहुधा कधीच उघडला नव्हता. तेल कुठलं, काळा चिखल निघाला. पुण्यातल्या एका कारागिराकडून सगळं ओव्हरहॉलिंग करून घेतलं. साडेचार हजार.

एवढं झाल्यावर मे महिन्यात खरा प्रश्न आला. आता तिला सायकल कळली होती आणि आता तिला खरोखरच थोडं जास्त हवं होतं. कडी आता १२५ पर्यंत जात होती. मी तयारीत होतो. म्हटलं, १६० घे, देतो पैसे. तर तीच नको म्हणाली. सांगाड्याच्या माहितीपुस्तिकेत पुढे जास्तीत जास्त १४० लिहिलंय. चिमटा लांब झाला, की हँडलखालचा कोन पडतो, दर २० मिलिमीटरला साधारण एक अंश. थोडा पडला तर उतारावर सायकल स्थिर राहते. पण ३० नं वाढवला तर दीड अंश, पुढची बाजू उचलली जाणार, बसणारा मागे जाणार, चढावर पुढचं चाक भरकटणार. आणि लांब चिमट्याची तरफ नेमकी सांगाड्याच्या मानेवर जोर काढणार, तोही कंपनीनं ज्याची हमी दिलेली नाही असा. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं वजनही कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी त्याच चिमट्यातला हवेचा दांडा बदलला आणि १३० चे १४० केले. सात हजार. कोन अर्धा अंश पडला, पॅडलची जागा जेमतेम तीन मिलिमीटर वर आली. पंप धरून सगळा खर्च साडेचौदा हजार. त्यातले निम्मे मी दिले, तिनं दिवाळीत परत केले. घेतले. उसने म्हणजे उसने.

या निमित्तानं बरंच वाचलं. डोंगरात सायकल घालायचं हे वेड कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातलं. तिथली पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावायची. १९७६ मध्ये सुरू झालेल्या एका शर्यतीचं नाव रिपॅक, कारण एकदा खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा भरायला लागायचा! त्यांना स्प्रिंग-बिंग काही नव्हतं. दणके हातांनीच खायचे. मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नरनं १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा पहिला चिमटा आणला, ट्रॅव्हल जेमतेम दोन इंच. लोक म्हणाले, वजन वाढलं, नाजूक लोकांची चैन आहे. १९९२ मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासालनं पॅरिस-रुबे ही दगडी फरसबंदीची शर्यत तसला चिमटा लावून जिंकली, वयाच्या ३७ व्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. मग हसणारे गप्प झाले असावेत.

पण मला सगळ्यात आवडली ती डनलॉपची गोष्ट. ती पूर्वी वर्गात सांगायचो, अर्थ मात्र आता लागला. बेलफास्टमधला हा गुरांचा डॉक्टर. पोराच्या तिचाकीला दणके बसतात म्हणून त्यानं चाकांना हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पोराला दणके बसतात म्हणून तिचाकी विकून टाकावी, असंही त्याच्या मनात येऊ शकलं असतं. माझ्या आलं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पाऊस ओसरल्यावर तिला म्हटलं, मला ती जागा दाखव. गाडीनं घाटापर्यंत गेलो, तिथून काठी टेकत अर्धा तास. ती पडली त्या पायरीच्या खालच्या अंगाला एका दगडावर मला बसवलं आणि ती सायकल ढकलत वर गेली. वर दिसेनाशी झाली. वारा होता. मला घशाशी आलं, खरं सांगतो. लेकीला मी हे काहीच सांगितलेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी ज्याला 'बरोबर आहे तुझं' म्हटलं, त्याच्या बरोबर उलटं करून मी तिथं बसलो होतो.

आधी आवाज आला, मुरमाचा. मग ती दिसली. पॅडलवर उभी, कोपर बाहेर, नजर लांब. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चाकं सुसाट वर-खाली होत होती, शिवणयंत्राच्या सुईसारखी, आणि तिचं डोकं मात्र एका रेषेत येत होतं, पाण्यावरून यावं तसं. ती मोठी पायरी आली. चिमटा आत गेला, बाहेर आला, चाक मुरमावर टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. माझ्या समोरून गेली, पंधरा पावलांवर थांबली. पाय टेकला आणि पहिल्यांदा काय केलं असेल? वाकून कडी बघितली. ओरडली, "आबा, एकशे बत्तीस!"

म्हणजे आठ उरले. ते असावेत राखीव.

परत आल्यावर लेकीला फोन करून सगळं सांगितलं. लपवायचं नाही, असं नातीचं आणि माझं ठरलं होतं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, उद्या काही झालं तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, "होऊ शकतं. हवा मोजता येते, तेल बदलता येतं, बाकीचं आपल्या हातात नाही. पण विकून टाकणार नाही." तिनं फोन ठेवला. अजून ती पुरती राजी नाही, आणि तिनं असावं असंही मला वाटत नाही. ती आई आहे. तिच्या जागी ती बरोबरच आहे.

आता नात डोंगरावरून खाली पोचली, की मोबाइलवर नुसता आकडा पाठवते. १२८. १३१. एकदा १३९ आला तेव्हा मी लगेच फोन केला, काय गं, कुठून उडी मारलीस? मी ते आकडे ओसरीवरच्या फळ्यावर लिहून ठेवतो. रविवारी दुपारचे बारा वाजून गेले आणि आकडा आला नाही, की मी फळ्यासमोर येरझाऱ्या घालतो. चिमट्याचं सगळं शिकलो, पण याला काही गुंडी सापडली नाही.

असो. फार लांबलं. आणि एक सांगायचं राहिलंच. गेल्या आठवड्यात सायकलवाल्यानं निरोप पाठवलाय, की एक जुनी बावीस इंची आलीय, सीटखाली दोन्ही स्प्रिंगा शाबूत, उंचीनं कमी, पाय टेकतात. नुसती बघून येणार आहे. लेकीला सांगू नका.